‘शिका’ हा आदेश दवाखान्यालाही लागू आहे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘शिका’ असे सांगितले आणि आपल्या समाजाने ते मनावर घेतले. विड्या वळणाऱ्या आईने आणि गिरणीत राबणाऱ्या बापाने अर्धपोटी राहून पोरांच्या हातात पाटी दिली. त्याची फळे आज घराघरांत दिसतात. परंतु ‘शिका’ हा शब्द फक्त न शिकलेल्यांसाठी आहे, असा एक समज सगळीकडे आढळतो. ज्याच्या नावामागे एकदा ‘डॉक्टर’ लागले, जिच्या अंगावर एकदा नर्सचा पांढरा पोशाख आला, त्यांचे शिकणे संपले असे लोक धरून चालतात. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, त्याचे खरे शिकणे पदवीच्या दिवशी सुरू होते. आणि बाईच्या आजाराबाबत तर डॉक्टर, नर्स, आशाताई या सर्वांनी पुन्हापुन्हा वर्गात बसलेच पाहिजे.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. पण १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा काय झाले, हे हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. वीस-वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसांना पुन्हा बाकावर बसवले गेले. नवे तक्ते, नवे नमुने, नवी संगणकप्रणाली. ज्यांना जमत नव्हते त्यांना दोनदा बसवले. का? तर सरकारचा एक रुपयाही चुकीच्या रकान्यात जाऊ नये म्हणून. रुपयासाठी एवढी काळजी घेतली जाते. मग बाळंत होणाऱ्या बाईचा जीव चुकीच्या रकान्यात पडू नये, यासाठी निदान तेवढी तरी काळजी नको काय?

हा प्रश्न आमच्या डोक्यात उगाच आला नाही. आमच्या महिला मंडळात जे पाहिले त्यातून तो आला.

तीन फायली, एकच गोळी

आम्ही विदर्भातले. रविवारी विहारात वंदना झाली की आमच्या महिला मंडळाच्या भगिनी थोडा वेळ थांबतात. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा शाळेचा दाखला, कोणाचा दवाखान्याचा कागद, जे असेल ते वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचा, एवढे काम आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत. अशाच एका रविवारी वस्तीतील एक वहिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन फायली घेऊन आल्या. तीन गरोदरपणांच्या तीन फायली. त्यांना चौथा महिना लागला होता आणि अंगात उभे राहण्याचे त्राण नव्हते.

आम्ही फायली उघडल्या. आकडे वाचणे हा आमचा रोजचा धंदा असल्यामुळे पहिल्यांदा नजर आकड्यांवरच गेली. पहिल्या खेपेला हिमोग्लोबिन सात. ते बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेले. दुसऱ्या खेपेला पुन्हा सातच्या आसपास. मुलगी झाली, ती जगली. आता तिसऱ्या खेपेला सातच्याही खाली. आणि प्रत्येक पानावर एकच औषध लिहिलेले : लोहाची गोळी. ‘हातपाय दुखतात’ अशी तक्रार तिन्ही फायलींत होती. त्यापुढे कोणी ‘वात’ लिहिले होते, कोणी ‘अशक्तपणा’, आणि एका ठिकाणी तर काहीच लिहिलेले नव्हते.

“गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू झालं बाई, पण अंगात जीव नाही येऊन राह्यला,” वहिनी म्हणाल्या. सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वक्ताला आम्ही बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर जात होतो. आजकालच्या पोरी नाजूक.” वहिनींनी मान खाली घातली. सात वर्षे त्या हेच ऐकत आल्या होत्या.

त्या दिवशी आमच्या आग्रहावरून मंडळात एक नर्सताई आल्या होत्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पंधरा दिवसांपूर्वीच त्या एका सरकारी प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. त्यांनी फायली चाळल्या आणि विचारले, “वहिनी, थंडीत किंवा तापात हे दुखणं वाढतं का? लहानपणी डोळे पिवळे व्हायचे का? घरात आणखी कोणाला असं होतं का?” तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘हो’ आले. नर्सताईंनी दुसऱ्या दिवशी सिकलसेलची चाचणी करवून घेतली. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणीही झाली. निघाला ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे पूर्ण सिकलसेलचा आजार. वात नव्हे, आळस नव्हे, नाजूकपणाही नव्हे.

त्यानंतर वहिनींना मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले. रक्ताची सोय आधीच करून ठेवण्यात आली, फॉलिक ॲसिड सुरू झाले, तपासण्या जवळजवळ ठेवल्या गेल्या. बाळंतपण तिथेच झाले आणि माय-लेकरू सुखरूप घरी आले. नर्सताईंचे आभार मानायला आम्ही गेलो तेव्हा त्या जे बोलल्या ते आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, “ताई, खरं सांगते. त्या ट्रेनिंगच्या आधी ही बाई माझ्याकडे आली असती, तर मीही तिला वाताचीच गोळी दिली असती. मला कोणी शिकवलंच नव्हतं.”

वाचकहो, या एका वाक्यात सगळे आले. ती नर्स आधीही मायाळू होती आणि नंतरही तेवढीच मायाळू होती. बदलले ते फक्त तिचे ज्ञान. आणि त्या दोन दिवसांच्या ज्ञानाने एका बाईचा जीव वाचला.

सिकलसेल म्हणजे काय

आपल्या वाचकांना हे नीट माहीत असणे गरजेचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रक्तातील लाल पेशी गोल असतात आणि साधारण १२० दिवस जगतात. सिकलसेलमध्ये रक्तातील हिमोग्लोबिनच्या दोषामुळे या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे अंगात रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे-सांधे असह्य दुखतात. इथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्यामुळे. लोहाची गोळी त्या पेशींना फुटण्यापासून थांबवू शकत नाही.

याचा अर्थ लोहाची गोळी वाईट असा कृपया कोणी काढू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यांतील पुष्कळजणींना लोहाची गरज असतेच. गरोदर बाईने १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, हे सरकारी धोरण योग्यच आहे. जी फक्त वाहक आहे, म्हणजे ‘एएस पॅटर्न’ आहे, तिलाही सहसा गोळी चालते. आपल्या मनाने कोणी गोळी बंद करू नये. मुद्दा एवढाच की, गोळी घेऊनही रक्त वाढत नसेल तर ‘का वाढत नाही?’ हा प्रश्न गोळी देणाऱ्याला पडला पाहिजे. दुःख असेल तर त्याचे कारण शोधा, हे आपल्याला भगवान बुद्धांनी शिकवले आहे. कारण न शोधता तीच गोळी सात वर्षे देत राहणे याला उपचार म्हणत नाहीत.

हा आजार आपल्या समाजात, आदिवासी बांधवांत आणि विदर्भातील इतरही काही समाजांत जास्त आढळतो. त्यावरून “तुमचे रक्तच वाईट” असे बोलणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ते अज्ञान आहे. सिकलसेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता तिथे तो आहे, कारण वाहक माणसाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. आणि तो ठरावीक समाजांतच का साठून राहिला, याचे उत्तर जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या रूढीत आहे. जातिसंस्थेचा पाया म्हणजे स्वजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात दाखवून दिले होते. जातीची भिंत रक्तातसुद्धा कशी उभी राहते, याचे हे उदाहरण आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी पत्रिका नव्हे, रक्त तपासावे.

आता एक हिशेब मांडतो. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात झाली. मध्य भारतातील सिकलसेलवरचा नागपूरच्या डॉक्टरांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. म्हणजे धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन वर्षांत विज्ञानाला आपल्याकडचा हा आजार ठाऊक झाला होता. मधल्या काळात राज्याने कार्यक्रम हाती घेतले, पुढे १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तरीसुद्धा ग्रंथालयातल्या कपाटातून निघालेले ज्ञान आमच्या वहिनींच्या फायलीपर्यंत यायला साठ वर्षांहून जास्त काळ लागला. अंतर किती? काही मैलांचे. एवढ्या मैलांना साठ वर्षे लागतात, कारण मध्ये शिकवणारा कोणी नसतो.

शिकवले की काय होते

“असे वर्ग घेऊन काय फरक पडतो? सही करतात, चहा पितात आणि घरी जातात,” असे म्हणणारे भेटतात. काही वर्ग तसे होतही असतील. पण नीट शिकवले तर काय होते, याचे पुरावे आहेत.

आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्याचे घ्या. तिथे खेड्यांतील ए.एन.एम. नर्सताईंना शिकवण्यात आले की, बाळ जन्मल्याबरोबर आईला मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या तोंडाने द्यायच्या. १,६२० स्त्रियांचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ते औषध मिळाले नाही त्यांच्यात शंभरपैकी १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, ज्यांना मिळाले त्यांच्यात साधारण सहा जणींना. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. तिथे मोठा डॉक्टर नव्हता, शस्त्रक्रियेची खोली नव्हती. होती ती शिकलेली नर्स आणि तिच्या हातातली गोळी.

दुसरे उदाहरण २०२३ सालचे. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील ८० रुग्णालयांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मोठा अभ्यास झाला. रक्त किती गेले याचा अंदाज डॉक्टर-नर्स डोळ्यांनी घेत असत, आणि जास्त रक्त गेलेल्या निम्म्याच बायका त्यांच्या लक्षात येत. मग त्यांनी बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवायला सुरुवात केली. रक्त मोजायचे आणि ठरावीक खुणेपर्यंत आले की माहीत असलेले सगळे उपचार एकदम सुरू करायचे, हे त्यांना शिकवण्यात आले. शंभरपैकी ९३ जणी वेळेवर लक्षात येऊ लागल्या आणि गंभीर प्रकार साठ टक्क्यांनी घटले. औषधे तीच, जुनीच होती. बदलली ती हाताची सवय. आम्ही कारकून आहोत, आम्हाला हे लगेच पटते. अंदाजपंचे दाहोदरसे असा हिशेब दुकानात चालत नाही, तो बाळंतपणाच्या खोलीत का चालावा?

तिसरे उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतले. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी एक काम सुरू केले. दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना चार आठवडे प्रशिक्षण दिले. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते ते, गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचे, एवढीच ती तपासणी. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेल्या बायांनी हे केले! परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी म्हणून अर्ध्या वस्त्यांतील स्त्रियांची तपासणी त्या काळात केली गेली नव्हती, आणि त्याबद्दल पुढे कडक टीका झाली. ती टीका योग्यच होती. गरीब बाईच्या जिवावर ज्ञान मिळवायचे आणि ते ज्ञान तिच्याच दारात पोचवायचे नाही, हा अन्याय आपण ओळखतो. म्हणूनच ते ज्ञान आता प्रत्येक आरोग्य केंद्रातील प्रत्येक नर्सच्या हातात आले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

ऐकणे हाही अभ्यासाचा विषय

गोळी देणे, रक्त मोजणे, डाग पाहणे हे हाताचे शिक्षण झाले. दुसरे शिक्षण कानाचे आहे, आणि ते आम्हाला जास्त अवघड वाटते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. शंभरपैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, असेच धरले जात होते. अंगावरून जाणे, पोटात दुखणे, पाळीचा त्रास, हे सगळे ती सोसत होती आणि कोणी विचारत नव्हते. कारण ‘विचारा’ असे कोणी शिकवलेच नव्हते.

जिथे विचारत नाहीत तिथे कापतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोयता हातात घेऊन चौदा-चौदा तास राबणारी बाई. पाळीत रजा घेतली तर मजुरी कापली जाते, पालावर ना पाणी ना संडास. तिच्या पांढऱ्या पाण्याचे कारण शोधायला वेळ लागतो, शस्त्रक्रियेला तासभर पुरतो. यात पैशाचा लोभ आहे, ठेकेदारी आहे, हे खरेच. पण कोणत्या आजाराला गर्भाशय काढावे लागते, कोणत्याला औषध पुरते आणि ऐन तारुण्यात ते काढल्यावर बाईच्या हाडांचे, मनाचे काय होते, हे डॉक्टरला ताजे शिकवलेले असणे आणि पेशंटला ते सांगण्याची सक्ती असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असे सांगितले. तत्त्वे कागदावर आली. ती ऑपरेशन टेबलापर्यंत न्यायची असतील तर पुन्हा शिक्षणच लागेल.

न्यायालयाने तर एका ठिकाणी थेट तसाच आदेश दिला आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ‘दोन बोटांची तपासणी’ ही अशास्त्रीय आणि अपमानास्पद पद्धत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले होते. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१४ साली तशा सूचनाही काढल्या. तरी ती चालूच राहिली. शेवटी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही तपासणी करणारा गैरवर्तणुकीचा दोषी धरला जाईल, वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा आणि डॉक्टर-नर्सेससाठी कार्यशाळा घ्या. अत्याचार झालेल्या किती भगिनी आपल्या समाजातल्या असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जुन्या पुस्तकातले एक पान डॉक्टरच्या डोक्यातून वेळेवर पुसले गेले नाही, तर त्या भगिनीवर दवाखान्यात दुसरा अत्याचार होतो.

तीस गुणांचे गणित

डॉक्टरांना पुढे शिकण्याची सक्ती नाही असे नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला आपली नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी ३० गुणांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. नर्सेसनाही नोंदणी चालू ठेवण्यासाठी असे तास दाखवावे लागतात. व्यवस्था चांगली आहे. पण गुण मोजणे आणि ज्ञान मोजणे यांत फरक आहे, हे आम्ही हजेरीपट सांभाळणारे लोक चांगले जाणतो. हजेरीपटावर सही असते, म्हणजे माणूस खोलीत होता एवढेच सिद्ध होते.

त्यात औषध कंपन्यांचा खर्च, मोठ्या हॉटेलातील परिषदा, हा भाग आहेच. कंपन्यांनी डॉक्टरांची अशी शिबिरे परदेशात भरवू नयेत, असा नियम केंद्राला मार्च २०२४ मध्ये काढावा लागला, यावरून काय ते समजावे. ज्या औषधात नफा आहे त्याचा वर्ग भरतो. फॉलिक ॲसिडच्या स्वस्त गोळीचा, रक्त मोजण्याच्या पिशवीचा, बाईचे म्हणणे ऐकून घेण्याचा वर्ग कोणती कंपनी भरवणार? तो सरकारलाच भरवावा लागेल, आणि जनतेने मागितल्याशिवाय सरकार तो भरवणार नाही.

आणखी एक गोष्ट. वर्ग भरतो तेव्हा बहुधा वरच्यांसाठी भरतो. पण आमच्या वस्तीतली बाई आजारी पडते तेव्हा तिला पहिल्यांदा भेटते ती आशाताई किंवा नर्सताई. बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येते. ज्ञानाची सर्वांत जास्त गरज तिला, आणि प्रशिक्षणाच्या रांगेत ती शेवटी. ती प्रशिक्षणाला गेली तर तिचा दिवस बुडू नये, तिला प्रवासखर्च आणि मोबदला वेळेवर मिळावा, हे आपण मागितले पाहिजे. तिला शिकवणे म्हणजे आपल्याच लेकीसुनांचा विमा उतरवणे आहे.

आपण काय करायचे

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर त्याने गुरूला विचारले, या विद्येचा शेवट तरी कधी येणार? गुरूने त्याला तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली एक तरी वनस्पती आणायला सांगितली. जीवक रिकाम्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती त्याला दिसली नाही. भगवान बुद्धांचा हा वैद्य होता. ज्याला विद्येचा शेवट दिसत नव्हता तोच पुढे थोर वैद्य झाला.

आणि आपले बाबासाहेब. बाळंतपणात कामगार स्त्रीला रजा आणि भत्ता मिळावा, यासाठी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी बाजू मांडली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या आया-आज्यांना शिक्षण, स्वच्छता आणि कमी मुले यांविषयी सांगितले. त्यांनी बाईचे आरोग्य हा घरातला खाजगी विषय मानला नाही, कायद्याचा आणि हक्काचा विषय मानला. तोच धागा पुढे न्यायचा आहे.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. प्रत्येक वस्तीतील महिला मंडळाने वर्षातून दोनदा विहारात नर्सताई-आशाताईंना बोलवावे आणि नव्याने काय शिकलात ते आम्हालाही सांगा, अशी विनंती करावी. शिकलेले दुसऱ्याला सांगितले की ते पक्के होते. शहरातील महिला आरोग्य समिती, गावातील ग्राम आरोग्य समिती आणि दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती, यांत आपल्या भगिनींनी बसावे आणि बैठकीत एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षात स्त्रियांच्या आजारांवर कोणते प्रशिक्षण झाले, कोणाचे झाले आणि कोणाचे राहिले? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साध्या कागदावर अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील भगिनींना तेवढेही लागत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर समाजात आमच्यासारखे कारकून कशासाठी आहेत?

दवाखान्यात गेल्यावर प्रश्न विचारायला भिऊ नका. “बाई, ही गोळी कशासाठी? रक्त का वाढत नाही? सिकलसेलची चाचणी झाली आहे का? गर्भाशय काढल्याशिवाय दुसरा उपाय नाही का?” एवढे चार प्रश्न पाठ करा. जुन्या फायली फेकू नका, पिशवीत जपून ठेवा. ज्या डॉक्टरला किंवा नर्सला उत्तर येत नसेल आणि ती “विचारून सांगते” म्हणाली, तर तिचा राग धरू नका, तिचा आदर करा. “विचारून सांगते” म्हणणारी शिकते आहे. भीती बाळगायची ती सगळे येते म्हणणाऱ्याची.

आपल्या समाजातील मुली आज मोठ्या संख्येने नर्सिंगला जात आहेत, काही डॉक्टर होत आहेत. त्यांच्या सत्काराला आम्ही आनंदाने जातो, शाल-पुष्पगुच्छ देतो. यापुढे त्या सत्कारात त्यांच्याकडून एक शब्दही मागून घ्यावा, असे आम्हाला वाटते. तो शब्द असा की, पदवी मिळाली तरी त्या शिकणे थांबवणार नाहीत, आणि जे शिकतील त्यातला निदान एक धडा दरवर्षी आपल्या वस्तीतल्या बायकांना येऊन सांगतील. शाल कपाटात राहते. तो धडा कोणाच्या तरी फायलीत उतरेल आणि एखादे बाळ आठव्या महिन्यात जाण्याऐवजी नवव्या महिन्यात रडत जन्माला येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!